मेंढ्यांखालचा खडक

ऑफिसात तिला सगळे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे हौदवाल्या बाई. आत्याच्या घरी मात्र ती अजून ठकूच होती. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालायची आणि वर मुंग्यांकडे बोट दाखवायची, म्हणून आत्यानं हे नाव ठेवलं. आत्यानं ठेवलेलं नाव बदलायची छाती कुणाची झाली नाही, तेव्हा आपणही तिला ठकूच म्हणू.

ठकूचं काम समुद्र बांधायचं. शहराबाहेर कारखान्याएवढ्या मोठ्या शेडमध्ये एक उथळ, ऐसपैस हौद होता. एखाद्या किनाऱ्याची मोजणी झाली की तिथला समुद्रतळ लहान करून त्या हौदात उभा करायचा. तळाचे चढउतार प्लायवूडच्या पट्ट्यांवर कापायचे, पट्ट्या ओळीनं उभ्या करायच्या, मधे वाळू ठासून भरायची आणि वरून सिमेंटचा हात द्यायचा. मग गुडघाभर पाणी सोडायचं आणि टोकाची लांब लोखंडी फळी मशिनवर मागेपुढे हलवायची, की लाटा निघाल्या. खरं वादळ कधी येईल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. इथलं वादळ बटण दाबलं की यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत थांबायचं.

तळ घालण्याचा मान मिस्त्रींचा. पाणी सोडण्याआधी ते चपला काढून सगळ्या तळावरून एकदा अनवाणी फिरत. कुठे खरबरीत राहिलं, कुठे नको तिथे फुगवटा आला, ते हातापेक्षा तळपायाला आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं फिरून होईपर्यंत साहेबांनाही हौदात पाय टाकायची मुभा नव्हती, आणि पहिली लाट सोडायचं बटणही मिस्त्रींनीच दाबायचं, हा त्या शेडचा रिवाज होता. त्यावरून कधी कुणी वाद घातला नाही.

त्या वर्षी हौदात जो किनारा उतरला तो ठकूच्या पायाखालचाच होता. कोयत्यासारखा वळलेला किनारा, एका बाजूला समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, आणि लाटांनीच आणून रचलेल्या गोट्यांच्या उंचवट्यावर घरांची एक ओळ. अलीकडे वादळात पाणी त्या उंचवट्यावरून उडी मारून थेट उंबऱ्याशी येऊ लागलं होतं. ही घरं तिथे राहू द्यायची की सगळी ओळ उठवायची, असा प्रश्न सरकारी खात्यानं विचारला होता आणि उत्तर हौदानं द्यायचं होतं. नाकापासून सगळ्यांत लांब, ओळीच्या शेवटच्या टोकाला, आत्याचं घर होतं.

ठकूची आई लवकर गेली आणि वडील बोटीवरच्या नोकरीत, वर्षातून कधीतरी दिसणारे. आत्यानं भाचीला आणलं आणि वाढवलं, एवढी सरळ गोष्ट. होड्यांवर घालायची ताडपत्री शिवून तिनं ठकूला इंजिनियर केलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "शिलाई मशीन आणि ही ठकू, दोघी सारख्याच कुरकुर करतात. तिसरं कोण सांभाळणार?" ठकूला शहरात स्वतःचं घर झालं तेव्हा तिनं आत्याला चल म्हणून पाहिलं. आत्या आठ दिवस राहिली, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघून कंटाळली आणि बॅग भरून परत गेली. त्या घरातून उठायचं म्हणजे आत्याचं काय होईल, हा विचार ठकूच्या मनातून जात नव्हता.

म्हणून नकाशा टेबलावर आला त्याच दिवशी ती साहेबांकडे गेली. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या, तिथे माझी आत्या राहते, असं तिनं स्पष्ट सांगितलं. साहेब मितभाषी माणूस. चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच करा. आपलं माणूस तिथे असलं की हात जपून चालतो. खोटं तुमच्याकडून व्हायचं नाही, ते मला ठाऊक आहे." एवढं बोलून त्यांनी फाईल तिच्याकडे सरकवली. एवढा विश्वास टाकणारा वरिष्ठ सगळ्यांच्या नशिबात नसतो, हे ठकूला तेव्हाही कळत होतं. ती मुकाट्यानं फाईल घेऊन आली.

तळ तयार झाला. मिस्त्री फिरले, तळव्यांनी पास केला. ठकूनं घरांच्या जागी लाकडी ठोकळे मांडले, सगळे सारखे, रंग न दिलेले. आत्याच्या ठोकळ्यावर पेन्सिलीनं खूण करायचा मोह तिनं आवरला. मिस्त्रींनी बटण दाबलं. लाटा नाकाच्या टोकाला वळसा घालून सरळ आत शिरल्या, गोट्यांच्या उंचवट्यावर चढल्या आणि पहिल्याच वादळात ठोकळे तरंगायला लागले.

तिनं पाणी कमी केलं, वादळाची दिशा बदलली, सौम्य वादळ घेतलं, मधलं घेतलं. ठोकळे तरंगतच राहिले. ओळीतलं एकही घर कोरडं राहत नव्हतं. मिस्त्री कपाळाला हात लावून हौदाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, मी तळ चुकवला असेन तर सांगा, रात्रीत फोडून नवा घालतो." तळ चुकलेला नव्हता. नकाशाबरहुकूम होता, अगदी तंतोतंत. ठकूनं तो दोनदा मापून पाहिला होता आणि दोन्ही वेळा मनातून चूक सापडावी अशी आशा धरली होती.

अहवाल खात्याकडे जाण्याआधी आत्याला आपणच सांगायचं असं तिनं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघाली. वारा नव्हता, पण लांब कुठेतरी समुद्र खवळलेला असावा, कारण मोठ्या, संथ लाटा येत होत्या. आत्या मशिनवर बसली होती. तिनं मान वर न करताच ठकूला चपला बाहेर काढायला सांगितलं, चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि ओळीतल्या बेकरीवाल्याची तक्रार सुरू केली. ओळीच्या मधोमध त्याची भट्टी होती. पाव उत्तम भाजायचा, पण आत्याला येताजाता कमांडर म्हणायचा, आणि आता तर त्याचं ऐकून पोस्टमनही म्हणायला लागला होता. ओळीतल्या बाकी सगळ्यांची ती नुसती आत्याच होती.

ठकू हसली नाही. चहा झाला तरी ती कपात चमचा फिरवत राहिली.

"साखर घातली नाहीस आणि मघापासून ढवळतेयस," आत्या म्हणाली. "काय ते बोलून टाक. नाहीतर आधी बाहेरचे कपडे आत घे. मेंढ्या आल्यात, अंगणात तुषार येतील."

ठकू उठली. बोलणं चार मिनिटं पुढे ढकललं गेलं म्हणून तिला बरंच वाटलं. मागच्या खिडकीशी दोरीवर कपडे होते. ते काढता काढता तिनं सहज समोर बघितलं. नाकाच्या टोकाच्या पलीकडे, भर पाण्यात, पांढरा फेस उठत होता. एक लाट यायची, त्या जागी उभी राहायची, फुटून पांढरी व्हायची आणि पसरून जायची. मग पुढची. लहानपणी तिला तो कळप वाटायचा. मेंढ्या हे नाव आत्याचं नव्हे, तिचंच होतं. मेंढ्या दिसल्या की कपडे आत घ्यायचे, हे तिला अ आ इ ई येण्याआधी येत होतं.

कपडे हातात तसेच राहिले. हौदवाली बाई आणि ठकू, या दोघी इतकी वर्षं एकाच अंगात राहत होत्या, पण त्यांची गाठ त्या क्षणी पहिल्यांदा पडली.

"आत्या," तिनं आत हाक मारली, "या मेंढ्या नेहमी तिथेच असतात?"

"मग काय, चरायला फिरतात? तिथेच असतात. तुला कडेवर घेऊन दाखवायचे ना."

लाट उगाच फुटत नाही. खोल पाण्यात ती नुसती खालीवर होत पुढे जाते. तळ जवळ आला की तिचा खालचा भाग तळाला अडतो, वरचा भाग धावत राहतो आणि ती पुढे कोसळते. हे ठकू नव्या मुलांना दर वर्षी शिकवायची. भर पाण्यात, किनारा इतका लांब असताना लाट एकाच जागी पुन्हापुन्हा फुटते, याचा अर्थ एकच होता. तिथे खाली काहीतरी आहे आणि ते पाण्याच्या पृष्ठभागापासून फार खोल नाही. ठकूनं तिथला तळ स्वतः घालून घेतला होता. नकाशात त्या जागी खोल पाणी होतं आणि तळ गुळगुळीत उतरत गेला होता.

ती त्या दिवशी काहीच न सांगता परतली. जाताना आत्याच्या गालाला गाल लावला. आत्यानं संशयानं पाहिलं आणि पावाची पिशवी हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांना गाठायचं म्हणजे जिवावर आलं होतं. समुद्राची खोली मोजणाऱ्या बोटीचे ते प्रमुख, नाकावर माशी बसू न देणारे. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्या दिवसांत मोजणी झाली त्या दिवसांत तिथे लाटा फुटत होत्या. फुटत्या पाण्यात बोट घालायची नाही हा त्यांचा नियम, आणि योग्य नियम, कारण बोटीत माणसं असतात. त्यांनी ती जागा वळसा घालून सोडली आणि कागदावर कोरी ठेवली. पुढे कागद नकाशाच्या खोलीत गेला. तिथल्या माणसाला कोरी जागा बघवेना. त्यानं अलीकडची रेघ पलीकडच्या रेघेला झोकदार वळणानं जोडून टाकली. त्यांच्या धंद्यात हे रोजचं होतं. शंभरात नव्वद वेळा ते बरोबर निघतं. तळ सोडला होता नेमका लाटांमुळे आणि लाटा होत्या नेमक्या तळामुळे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि मी तिथे वाढलेय," ठकू म्हणाली, "तरी माझ्याही ध्यानात आलं नाही."

मोजणीवाले पहिल्यांदाच हसले. मग आपण दोघं एका माळेचे मणी, असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

साहेबांपुढे उभं राहणं त्याहून अवघड होतं. अहवाल टाइप होऊन सहीला ठेवलेला. आता ठकूनं मोजणी पुन्हा करा म्हणायचं, म्हणजे आत्याच्या घरासाठी खेळ चाललाय असं कुणालाही वाटणार. तिनं ते स्वतःच बोलून दाखवलं. साहेबांनी अहवाल उचलून खणात ठेवला.

"लोक म्हणतील तुम्ही आत्यासाठी करताय. म्हणू देत," ते म्हणाले. "खडक असलाच, तर तो कुणाची आत्या बघून तिथे बसलेला नाही. जा, बघून या. हौद रिकामा करू नका."

समुद्र शांत व्हायची वाट बघावी लागली. एका सकाळी तो ताटात ओतलेल्या पाण्यासारखा निवांत मिळाला. भरतीची वेळ साधून मोजणीवाल्यांनी लहान बोट घेतली. ठकूही गेली. नाकाचं टोक मागे पडलं आणि खोली दाखवणाऱ्या यंत्रावरची रेघ संथ सरकत राहिली. खोल, खोल, आणखी खोल. आपल्याला दिसलं ते आपल्याला हवं होतं म्हणूनच दिसलं की काय, अशी शंका ठकूला चाटून गेली. आणि तेवढ्यात रेघ एकदम वर चढली, भिंतीसारखी. मोजणीवाल्यांनी इंजिन बंद केलं.

ठकू बोटीच्या कडेवरून वाकली. खाली, हात घातला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ, तपकिरी शेवाळ हलत होतं आणि त्याखाली खडकाचा रुंद, सपाट माथा होता. कडेला तो सरळ तुटून काळ्या पाण्यात जात होता.

तिला तो कुठून आला ते वाचता येत होतं. एके काळी डोंगराचं नाक इथवर लांब असणार. लाटांनी दोन्ही बाजूंनी पोखरून त्यात गुहा केल्या, गुहा आरपार झाल्यावर कमान झाली, कमानीचं छत कोसळलं आणि टोकाचा स्तंभ एकटा उभा राहिला. मग लाटांनी तोही घासत, पाडत पाण्याखाली नेला. उरलं ते हे खोड. समुद्रानं डोंगर खाल्ला आणि ताटात एवढं उष्टं टाकलं, आणि पुढची सगळी वर्षं आपलीच मोठी लाट या उष्ट्यावर फोडून घेतली. मागच्या ओळीतल्या माणसांनी दारं लावून झोपावं आणि सकाळी उठून भट्टी पेटवावी, मशिनवर बसावं, एकमेकांच्या तक्रारी कराव्यात, ते याच्या जिवावर. कुणी त्याचे कधी आभार मानले नव्हते, कारण तो आहे हेच कुणाला नीटसं माहीत नव्हतं. ठकूनं वाकून पाण्यात हात घातला आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानले. मोजणीवाले दुसरीकडे बघत राहिले, ही त्यांची भलमनसाई.

हौदातलं पाणी काढलं. मिस्त्रींनी स्वतः घातलेला तळ स्वतः फोडला, कपाळावर आठी न आणता, आणि नव्या मापानं खडकाचं खोड उभं केलं. अनवाणी फिरताना ते त्या खोडाशी थांबले, त्यावर एक पाय ठेवून तोल सांभाळत उभे राहिले आणि समाधानानं मान हलवली. मग बटण दाबलं.

लाट आली. खोडावर पोचली, उभी राहिली आणि फुटली. सिमेंटच्या त्या हौदात, ट्यूबलाइटच्या उजेडात, बोटभर उंचीचा पांढरा फेस उठला. पुढची आली, तीही फुटली. मागे आत शिरत होती ती दमलेली, गरीब लाट. ती गोट्यांच्या उंचवट्याला टेकून परत फिरत होती. ठोकळे जागेवर होते, कोरडे. शेडमध्ये लोक हसायला लागले. मिस्त्रींनी डोळे पुसले आणि सिमेंट गेलं डोळ्यात म्हणाले. ठकूचा जीव भांड्यात पडला.

पण तो फार वेळ तिथे राहिला नाही. टोकाचा ठोकळा हलला. मग तिरका झाला. मग तरंगला.

लाट खडकावर फुटते तशी खडकाच्या कडेनं वळतेही. कडेनं सुटलेली लाट वाकून किनाऱ्याकडे येत होती आणि ओळीच्या शेवटच्या टोकाला गाठत होती. खडकाचा आडोसा तिथवर पोचत नव्हता. ठकूनं दिशा बदलली, वादळ सौम्य केलं, पाण्याची उंची बदलली. बाकीची ओळ दर वेळी कोरडी राहिली आणि टोकाचा ठोकळा दर वेळी गेला. मधल्या घरांसमोर डोंगराचं नाक आडवं येई, म्हणून तिथून मेंढ्या धड दिसत नसत. आत्याच्या खिडकीतून दिसत, कारण घर टोकाला होतं, उघड्यावर. ज्या कारणानं तिला खडक सापडला होता त्याच कारणानं आत्याचं घर जाणार होतं. चूक शोधायला या वेळी जागाच नव्हती. तळ खरा होता.

साहेब येऊन तिच्याशेजारी कठड्यावर बसले. त्यांनी सांत्वन केलं नाही, घाई केली नाही. दुपारभर तिच्याबरोबर लाटा बघत बसले. शेवटी ठकूनंच सांगितलं, की ओळ राहील आणि टोकाचं घर रिकामं करावं लागेल, असंच लिहिते. साहेब म्हणाले, "लिहा. सही दोघांची राहील." आपल्या पोटात काय चाललंय ते न विचारता जो माणूस शेजारी बसून राहतो, त्याचं देणं कसं फेडायचं, हे ठकूला आजही कळलेलं नाही.

या वेळी तिनं चहा ढवळला नाही. आत्याला समोर बसवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पहिला हौद, मेंढ्या, कोरी जागा, बोट, खडक. आत्या मन लावून ऐकत होती. खडकाशी आल्यावर म्हणाली, "म्हणजे खाली दडून बसलाय होय तो." मग ठकू टोकाच्या ठोकळ्याशी आली आणि तिला रडू फुटलं.

आत्या उठली, मशिनवर झाकण घातलं, परत येऊन बसली.

"बाकीच्यांची राहतात ना? सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"नक्की?"

"नक्की. तुझंच फक्त..."

"मग रडतेस कशाला? अगं, अख्खी ओळ उठणार होती. एक घर गेलं आणि बाकीची राहिली, हा काय वाईट सौदा आहे?" तिनं ठकूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हे बघ. या घरानं मला भरभरून दिलंय. इथे बसून मी तुला मोठं केलं. मला दुसरं काय हवं होतं? आणि तू हौदात माझं घर वाचवायला खोटं केलं नाहीस, म्हणजे मी शिकवलं ते वाया गेलं नाही. मला बरं वाटतंय ठकू. खरंच बरं वाटतंय."

ठकू तिच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडली, लाज न बाळगता. आत्यानं तिला रडू दिलं. स्वतः मात्र रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, की लोक जीव मुठीत धरून बसलेत, त्यांना कळायला हवं, आणि ते खात्याच्या कागदानं नाही, माणसाच्या तोंडून कळायला हवं. तिनं केस विंचरले, चपला घातल्या आणि ठकूला बरोबर घेऊन निघाली.

ओळीतल्या एकेका दारात आत्या थांबली. "तुमचं घर राहतंय," एवढंच सांगायची. कुणी हसलं, कुणी खुर्चीत बसकण मारली. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यानं तिचा हात कपाळाला लावला. एका नव्या सुनेनं तिला मिठीच मारली. सगळे आत या म्हणत होते आणि आत्या पुढच्या घरी जायचंय म्हणत सुटत होती. हे कसं कळलं असं विचारलं की माझ्या भाचीनं शोधलं म्हणायची, आणि त्या वेळी तिची मान ताठ व्हायची. स्वतःच्या घराचं तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. आनंदाच्या भरात कुणी विचारलंही नाही. ठकू मागे उभी राहून ऐकत होती आणि एका माणसाच्या अंगात एवढं बळ येतं कुठून, याचं तिला नवल वाटत होतं.

आत्यानं बेकरी मुद्दाम शेवटी ठेवली होती. भट्टी नुकतीच शांत झाली होती आणि बेकरीवाला पाव भाजायचे पत्रे पुसत होता. आत्यानं त्यालाही तेच सांगितलं. त्यानं पत्रा खाली ठेवला, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग डोळे उघडले आणि विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं नाही राहत," दोऱ्याचं रीळ संपलं असं सांगावं तसं आत्यानं सांगितलं. "टोकाला आहे ना. ही नेतेय मला शहरात. भिंत बघायची सवय करायला हवी."

बेकरीवाला तिच्याकडे बघत राहिला. त्यानं कमांडर म्हटलं नाही. हात पुसले आणि आतल्या लाकडी जिन्यानं वर गेला. वरच्या मजल्यावर समुद्राकडे तोंड असलेली त्याची एक खोली होती आणि ती मैद्याच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलेली असे. वरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज यायला लागला. मग तो पाठीवर पोतं घेऊन एकेक पायरी उतरत खाली आला, पोतं कोपऱ्यात टाकलं आणि पुन्हा वर निघाला.

"अहो, काय चाललंय तुमचं?" आत्यानं विचारलं.

"पीठ खाली आणतोय," जिन्यावरूनच तो म्हणाला. "पिठाला समुद्र बघून काय करायचंय?"

अख्ख्या ओळीला खंबीरपणे सांगत आलेली बाई तिथल्या स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठकूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग आभार मानायला जिना चढून वर गेली. बेकरीवाल्यानं तिला तोंड उघडू दिलं नाही. पुढच्या पोत्याचं एक टोक त्यानं तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाला, "आधी ही बाजू मोकळी करू. शिलाई मशीन इथे बसेल."